स्प्रॉकेटराव

देहूरोडच्या सेंट्रल चौकात सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या घोळक्यात एक जण कधीच मोबाइलमध्ये डोकं घालत नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींच्या चेनकडे बघत असतो. चेन कोरडी दिसली की त्याचा चेहरा उतरतो. सैल दिसली की तो दोन पावलं पुढे होऊन अनोळखी माणसाला सांगतो, "दादा, चेन फार लोंबतीये. पंचवीस-तीस मिलीमीटरच्या वर खेळ ठेवू नका." दादाला वाटतं, हा लिफ्ट मागतोय. तो गाडी दामटतो. चेनचा खडखडाट दूर जाईपर्यंत हा कानानं त्याचा पाठलाग करतो.

हे स्प्रॉकेटराव. हे कुणा एकाचं नाव नव्हे. विकासनगरात एक आहेत, मामुर्डीत एक आहेत, शेलारवाडीकडे एक नवे तयार होतायत. वय पस्तीस ते पंचेचाळीस. नोकरी चाकणला, सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत, क्वालिटी खात्यात. वडील डेपोतून निवृत्त. दारात दोन वाहनं: एक स्कूटर, तिच्यावर घर चालतं, आणि एक डोमिनार, तिच्यावर काम चालतं.

डोमिनार ४०० बजाजनं डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आणली. इंजिन ३७३ सीसीचं, केटीएम ३९० च्या घराण्यातलं. गाडी बनते चाकणलाच. २०१९ मध्ये तिची ताकद ३५ पीएसवरून ४० वर गेली. अशा गाडीला स्पोर्ट-टूरर म्हणतात, म्हणजे वेगाची हौसही भागावी आणि रात्री मुक्कामाला पोचल्यावर पाठही सरळ व्हावी, या दोन्ही अपेक्षा जिच्याकडून एकदम ठेवतात ती. बजाजचं संशोधन केंद्र आकुर्डीला, देहूरोडहून लोकलनं पुढचंच स्टेशन. तिथल्या इंजिनिअरांनी डोकं शिणवून या गाडीचं गिअरिंग ठरवलं. स्प्रॉकेटरावांच्या मते मात्र तो विषय अजून खुला आहे.

प्रकरण तसं साधं आहे. इंजिनाची ताकद पुढच्या लहान स्प्रॉकेटवरून चेनमार्फत मागच्या मोठ्या स्प्रॉकेटवर जाते. समजा पुढे १५ दात, मागे ४५. गुणोत्तर तीन, पुढचं तीनदा फिरतं तेव्हा मागचं एकदा. पुढचा एक दात कमी केला की गुणोत्तर ३.२१ होतं. गाडी चटकन उचलते, पण त्याच वेगाला इंजिनाला सात टक्के जास्त फिरावं लागतं. एक दात वाढवला की २.८१, हायवेला इंजिन निवांत, चढाला मात्र कुरकुरतं. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन. संपलं शास्त्र. ते समजायला दहा मिनिटं पुरतात. त्यातून बाहेर पडायला स्प्रॉकेटरावांना इतकी वर्षं पुरलेली नाहीत.

आधी त्यांनी पुढे चौदाचं बसवलं. कारण निगडी. भक्ती-शक्ती चौकापासून पुढे तिसरा गिअर टाकायचा योग क्वचित येतो, तिथं पिकअप हवा. पिकअप आला. मग ते प्रत्येक सिग्नलवरून सगळ्यांच्या आधी सुटायचे आणि पुढच्या सिग्नलला सगळ्यांच्या आधी थांबायचे. पुढे एका रविवारी वहिनींना मागे बसवून कात्रज बायपासनं साताऱ्याकडे निघाले. जिथं इंजिनाचे पाच हजार फेरे पुरायचे, तिथं आता साडेतीनशे जास्त लागू लागले. हँडल, सीट, पायदान, सगळं गुणगुणायला लागलं. शिरवळला वहिनींनी चहाचा कप हातात घेतला, तर साखर न ढवळताच विरघळली.

मग सोळाचं आलं. बायपास मखमली झाला. पण खंबाटकीच्या चढाला उसाच्या ट्रकमागे अडकल्यावर दोन गिअर खाली येऊनही गाडी पुढे सरकेना. आणि निगडीत अर्ध्या क्लचवर रांगता रांगता क्लचप्लेटचा जो वास सुटला, त्याची नोंद वहीत लाल शाईनं आहे.

त्यानंतर तिसरा अध्याय. पुढे पुन्हा चौदा आणि मागे बेचाळीस. मागचं स्प्रॉकेट भोसरीच्या एका वर्कशॉपात खास कापून घेतलं. दात कमी झाले म्हणून चेन लांब पडली. मग तिच्या दोन कड्या काढल्या. शनिवारची अख्खी दुपार पार्किंगमध्ये गेली. संध्याकाळी मी सहज मनातल्या मनात भागाकार केला. बेचाळीस भागिले चौदा. तीन.

"अहो, पण कंपनीतून आली तेव्हाही तीनच होतं ना?"

स्प्रॉकेटरावांनी माझ्याकडे अत्यंत करुणेनं पाहिलं. "गणितात तीन. रस्त्यावर हे वेगळं तीन आहे."

वेगळं कसं, तेही त्यांनी समजावलं. लहान स्प्रॉकेटवरून चेनला जास्त वाकावं लागतं, त्यामुळे चेन आणि दात दोन्ही लवकर झिजतात. शिवाय चेनमध्ये एक आतली कडी, एक बाहेरची, अशा आळीपाळीनं कड्या असतात, त्यामुळे त्यांची संख्या नेहमी सम. स्प्रॉकेटचे दातही सम असले, तर ठरावीक दाताच्या वाट्याला कायम त्याच प्रकारची कडी येते. दात विषम असले तर दर फेऱ्याला अदलाबदल होते आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

"म्हणजे पंधरा-पंचेचाळीसच बरं?"

"तेच तर म्हणतोय मी," ते शांतपणे म्हणाले. "पण ते सिद्ध करावं लागतं."

मोटारसायकलींची मासिकं एखादी गाडी महिनोन् महिने स्वतःकडे ठेवून तिच्यावर लिहितात, त्याला लाँग टर्म रिव्ह्यू म्हणतात. मासिकं शेवटी गाडी परत करतात. स्प्रॉकेटरावांना ती सोय नाही, त्यामुळे त्यांचा रिव्ह्यू संपत नाही. त्यांच्या वह्यांत रकाने आखलेले आहेत: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ॲव्हरेज, चेनचा खेळ, टायरमधली हवा आणि शेरा. ॲव्हरेज टाकी ते टाकी मोजायचं, तेही एकाच पंपावर, गाडी ओळंब्यात उभी धरून. पंपावरचा पोरगा त्यांना पाहिलं की नळी सहकाऱ्याच्या हातात देऊन पाणी प्यायला जातो. शेऱ्याच्या रकान्यात कारखान्याची भाषा उतरते. 'सहाव्यात ५० ला धक्के. का? वेग कमी. का? पुढे टेम्पो. का? सोमाटणे. उपाय: पाचवा.' चाकणला रोज दुसऱ्यांच्या चुकांचं व्हाय-व्हाय ॲनालिसिस करणारा माणूस घरी स्वतःलाही सोडत नाही.

एकदा ते रजा काढून लडाखला जाऊन आले. मी विचारलं, पँगाँग कसं आहे? म्हणाले, "निळं आहे. पण उंचीवर हवा विरळ, इंजिनाची ताकद पडते. चौदाचंच हवं होतं." त्या अख्ख्या प्रवासाबद्दल याहून जास्त त्यांच्याकडून निघालं नाही. चेनला कुठल्या दर्जाचं गिअर ऑईल चांगलं, यावर मात्र ते कोजागरीच्या रात्री दूध आटेपर्यंत बोलले.

नियतीनं त्यांच्याशी केलेला विनोद वेगळाच आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे किवळ्याला सुरू होतो, म्हणजे जवळजवळ त्यांच्या अंगणात. देशात स्पोर्ट-टूररसाठी याहून सरळ, याहून गुळगुळीत रस्ता शोधायला लांब जावं लागेल, आणि त्यावर दुचाकीला बंदी. रात्री गच्चीवर उभं राहून ते लांबवर धावणारे दिवे बघतात आणि म्हणतात, "इथं सोळाचं चाललं असतं." मग खाली येऊन तळेगाव-चाकण रस्त्याचा विचार करतात. त्या रस्त्याला कुठलंच स्प्रॉकेट लागत नाही, संयम लागतो. म्हणून कामाला ते बसनंच जातात.

वडिलांना हा सगळा प्रकार कळत नाही. त्यांनी उभी हयात चेतकवर काढली. पुढे थोरला उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटा, पायाशी पिशवी, आणि जेजुरी. "आम्हाला तर चेनच नव्हती," ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. चेतकचं इंजिन मागच्या चाकाला चिकटूनच बसवलेलं, मधे गिअरचे दाते, चेनचा पत्ता नाही. स्प्रॉकेटराव यावर गप्प बसतात. बदलायला काही नसलेल्या वाहनावर माणूस इतकी वर्षं सुखी कसा राहिला, हा प्रश्न त्यांना पडत असावा.

हे वेड कुठून येतं, ते एकदा त्यांच्याच बोलण्यातून कळलं. कंपनीत एका ड्रॉइंगवरचा आकडा बदलायचा होता. पाव मिलीमीटरचा. डिझाइनची सही, प्रॉडक्शनची सही, परचेसची, शेवटी ग्राहक कंपनीची. नमुने गेले, अहवाल गेले, बैठका झाल्या आणि आकडा होता तोच ठेवायचं ठरलं. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांनी ठरवलेले आकडे बरोबर आहेत का, एवढंच तपासत आला आहे. घराच्या पार्किंगमध्ये त्याच्या हाती एक पाना असतो आणि एक आकडा असा असतो, जो बदलायला कुणाची सही लागत नाही. फिरायला तो फारसा जात नाही, हे खरं. पण शनिवारी दुपारी हात काळे करून बसलेला असतो, तेव्हा तोच डिझाइन, तोच प्रॉडक्शन आणि तोच ग्राहक असतो. अशी नोकरी चाकणमध्ये कुणालाच मिळत नाही.

तेव्हा वाचकहो, जुनी गाडी घ्यायची असेल तर बाजारात हिंडू नका. तुमच्या भागातला स्प्रॉकेटराव शोधा. पावसात न भिजलेली, वेळेवर तेल प्यालेली, पै-पैचा हिशेब लिहिलेली गाडी दुसरीकडे मिळायची नाही. किमतीत घासाघीस करा, वह्या मागून घ्या, चाचणी घ्या. फक्त पुढच्या स्प्रॉकेटला दात किती, हे विचारू नका. विचारलंत, तर त्यांना नव्यानं काहीतरी सुचेल आणि गाडी ते विकणार नाहीत.