फेसाचं श्रेय

घरी बिअर बनवणारा माणूस माल्ट कुठलं, हॉप्स कुठले, पाणी किती मऊ, यावर तासभर बोलू शकतो. यीस्टचा विषय मात्र ‘मग पुडी सोडली’ एवढ्यात आटोपतो. बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानातही बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यालाच परवानगी होती, यीस्टचा उल्लेखच नाही. त्या लोकांना यीस्ट ही काय चीज आहे हे ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांना माफ. आजच्या हौशी मंडळींना ही सवलत नाही. माणूस बनवतो तो धान्याचा गोड काढा. त्या साखरेचं अल्कोहोल करतं यीस्ट. लग्नात आचारी भट्टीपाशी घामाघूम आणि पंक्तीत मिरवतो यजमान, तशातला हा प्रकार.

पुरावा हवा असेल तर एकच काढा दोन बरण्यांत ओता आणि दोन्ही वीसेक अंशांवर ठेवा. एकीत अमेरिकन पेल एलचं मितभाषी यीस्ट घाला, दुसरीत बव्हेरियन गव्हाच्या बिअरचं. पहिलं माल्ट आणि हॉप्सना बोलू देतं. दुसऱ्या बरणीतून पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. काढ्यात ना केळं पडलेलं असतं, ना लवंग. केळं म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, लवंग म्हणजे फेरुलिक आम्लापासून झालेलं संयुग. दोन्ही यीस्टचीच करणी.

‘ही तर तपमानाची किमया, आणि तपमान राखतो आम्ही,’ असं यजमान म्हणणारच. तपमानाने फरक पडतो, हे खरं. गव्हाच्या बिअरचं यीस्ट उबेत ठेवलं तर केळं जास्त खुलतं. पण ज्या यीस्टमध्ये लवंगेचं ते संयुग बनवणारं चालू जनुकच नाही, त्याला शेकोटीशेजारी बसवलं तरी लवंग निघणार नाही. उलट नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक ३५ अंशांच्या वरही सुखाने काम करतं; तिथे इतर बरीच यीस्टं थिनरचा वास सोडू लागतात. तपमान मात्रा ठरवतं, गुण मुळात यीस्टचाच लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पुडीवर काय लिहिलंय हे ठाऊक असलं की जीभ तेच शोधते. त्यावर इलाज आहे. तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा; न सांगता वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा जमतंच, म्हणून एका यशावर कॉलर ताठ करू नये. दोन जवळच्या नात्यातली यीस्टं असली की ‘जर्दाळूची हलकी छटा’ सांगणारे इथेच गारद होतात. पण केळं-लवंग या परीक्षेत सहसा टिकतात. जे टिकतं ते यीस्टचं, जे गळतं ते पुडीवरच्या मजकुराचं.

उरला शेवटचा दावा: यीस्ट निवडतो तर माणूसच! १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध लागर यीस्ट वाढवलं, हे कर्तृत्व मोठंच. पण हे यीस्ट मुळात दोन जातींचा संकर, आणि तो कोणाचीही परवानगी न घेता झालेला. त्यातल्या एका पालकाचा पत्ता २०११ मध्ये लागला, तोही पॅटागोनियाच्या जंगलात. तोवर माणूस शतकानुशतकं लागर पिऊन स्वतःची पाठ थोपटत होता. घाण बिघडला की ‘या वेळी यीस्टने दगा दिला’ म्हणण्याची चाल आहेच. मग जमला तेव्हाही त्याचंच नाव घ्यायला काय हरकत आहे?