ट्रेलरखालचा संशयात्मा

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, पिकअपच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे या घरांचे माहेर, तर ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटचे वाळवंट हे हिवाळ्यातले सासर. उत्तरेच्या थंडीला कंटाळलेली निवृत्त मंडळी दरवर्षी येथे हजारोंनी तळ ठोकतात. त्यांच्यात एक जात हटकून आढळते. वय पासष्टीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, खिशात टायरची हवा मोजायचे गेज. वर्षातून एकदा हा गृहस्थ ट्रेलरची चाके उचलतो, ब्रेक तपासतो, बेअरिंगमध्ये ग्रीस भरतो आणि चाके पुन्हा बसवतो. काम एका दिवसाचे असते. संशय बाराही महिने चालू असतो.

गीतेने संशयात्म्याचा नाश सांगितला आहे. दोन-तीन टन वजनाच्या घराखाली मात्र धोका असतो तो निःसंशय माणसाला. त्यामुळे चाक सुरक्षितपणे उचलण्याची पद्धत म्हणजे या गृहस्थाने क्रमाक्रमाने घेतलेल्या शंकांची यादीच होय.

पहिली शंका जमिनीवर. लुसिल बॉल आणि डेझी आर्नाझ यांच्या 1954 सालच्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या चित्रपटात ट्रेलर चिखलात कलतो आणि नायिका दारातून थेट चिखलात पडते. सगळे प्रेक्षक नायिकेकडे बघून हसतात. संशयात्मा जमिनीकडे बघून मान हलवतो. तो सपाट, टणक जागा शोधतो आणि तरीही जॅकखाली जाड फळी ठेवतो. उन्हाने तापलेल्या डांबरातही जॅकचा तळ रुतू शकतो, हे तो न विचारता सांगतो. जागा ठरेपर्यंत ट्रेलर तीनदा पुढे-मागे होतो. बायको तोवर खुर्ची बाहेर काढून बसलेली असते, कारण ट्रेलर वर असताना आत कोणीही थांबायचे नाही हा घरातला नियम आहे. कॉफीचा थर्मास ती आधीच बाहेर आणते. हा अनुभवाचा भाग.

दुसरी शंका खुद्द ट्रेलरवर. अशा ट्रेलरला सहसा हँडब्रेक नसतो; त्याचे ब्रेक विजेवर चालतात आणि एरवी पिकअपमधून हुकूम सुटला की लागतात. म्हणून ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवायचा, पिकअपचा हँडब्रेक ओढायचा आणि ज्या बाजूची चाके उचलायची नाहीत, त्यांच्या पुढे-मागे ठोकळे लावायचे. ठोकळा लावल्यावर संशयात्मा त्याला लाथ मारून पाहतो. मग दुसऱ्या बाजूने मारून पाहतो.

तिसरी शंका स्वतःच्या घाईवर. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे असतात. चाक वर गेल्यावर ते पान्याबरोबर गरगर फिरते, नाहीतर जोर लावताना अख्खा ट्रेलर डुगडुगतो.

चौथी शंका जॅक लावण्याच्या जागेवर. या टप्प्यावर शेजारी अवतरतो. शेजाऱ्याची जात ‘होऊन जाईल’ अशी. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना खाली सोडायचे पाय असतात, त्यांनीच घर उचलावे असा त्याचा सल्ला असतो. ते पाय उभ्या ट्रेलरची डुगडुग थांबवण्यापुरते असतात, वजन उचलण्यासाठी नव्हे. हे ऐकल्यावर शेजारी ॲक्सलकडे बोट दाखवतो. ॲक्सल बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या पुस्तिकेत मात्र ॲक्सलवर किंवा सस्पेन्शनच्या कोणत्याही भागावर ट्रेलर उचलू वा टेकवू नये, असे बजावलेले आहे. ॲक्सलच्या नळीला कारखान्यात मुद्दाम हलकासा बाक दिलेला असतो. तेथे जॅक लावून तो बिघडवला, तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. पुढे टायर एकाच कडेने झिजू लागला की कळते. जॅक लावायचा तो चॅसिसच्या पोलादी पट्टीला, पाटे जेथे टांगलेले असतात त्याच्या जवळ. शेजारी म्हणतो, “माझा तर वीस वर्षांत कधी वाकला नाही.” संशयात्मा त्याच्या टायरकडे एक नजर टाकतो आणि काही बोलत नाही.

पाचवी शंका जॅकवर, आणि सर्वांत जास्त जिवाशी संबंध असलेली हीच. जॅकचे काम उचलणे. धरून ठेवणे हे स्टँडचे काम. बॉटल जॅकमधले तेल एका खराब सीलमधून निघून गेले की घर खाली येते, आणि येताना सूचना देत नाही. त्यामुळे चॅसिसखाली स्टँड लावून, वजन हळूच त्यावर सोडून, ट्रेलरला हाताने ढकलून पाहिल्याशिवाय संशयात्मा खाली डोके घालत नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक त्याला नुसते दिसले तरी चालत नाहीत. ते फुटतात ते एकदम.

एवढे झाल्यावर खरे काम तसे थोडक्यात होते. चाक वर-खाली धरून हलवले की बेअरिंगमधला प्ले समजतो. फिरवून कान दिला की खरखर समजते. बेअरिंग धुऊन, वाळवून, तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, रोलरच्या फटींतून ग्रीस वरच्या बाजूने डोकावेपर्यंत. या वेळी फोन वाजतो. संशयात्मा उचलत नाही. बायको उचलते आणि “तो खाली आहे” एवढेच सांगते. ग्रीसचे सील नवे घालायचे, जुनी कॉटर पिन पुन्हा वापरायची नाही.

चाक चढवताना नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळायचे. चाक जमिनीवर टेकले की टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापापर्यंत न्यायचे. त्यानंतर 10, 25 आणि 50 मैलांवर, म्हणजे सुमारे 16, 40 आणि 80 किलोमीटरवर, पुन्हा तपासायचे. सहलीचे थांबे त्यामुळे निसर्गसौंदर्यावरून ठरत नाहीत. पहिला फोटो बहुधा एखाद्या पेट्रोल पंपामागचा असतो.

शेवटी नोंदवही. तारीख लिहायची, आणि पुढची पाळी बारा महिन्यांनी किंवा बारा हजार मैलांनी, जे आधी येईल ते. मैल मोजायचे यंत्र ट्रेलरला सहसा नसते. ते पिकअपच्या आकड्यांवरून काढावे लागतात. म्हणून संशयात्मा ते वेगळ्या वहीतही लिहून ठेवतो आणि दोन्ही वह्या अधूनमधून ताडून पाहतो.