हजाराचा हट्ट

शंभर हँग ग्लायडर उडाले. सगळ्यात लांब गेलेला ६० किलोमीटरवर उतरला, सरासरी पडली ३०. गोलला कुणीच पोचलं नाही. हा दिवस किती गुणांचा?

आयोजकांनी ‘नॉमिनल डिस्टन्स’, म्हणजे अपेक्षित अंतर, ८० किलोमीटर भरलं असेल, तर साधारण ४९४. ४० भरलं असेल, तर पुरते १०००. (किमान अंतर ५ किलोमीटर आणि नॉमिनल गोल, म्हणजे गोल गाठणाऱ्यांचं अपेक्षित प्रमाण, २५ टक्के धरून.) तेच आकाश, तोच वारा, तेच शंभर जण. फरक फक्त स्पर्धेआधी भरलेल्या एका आकड्याचा.

गेरॉल्फ, अँजेलो आणि पॉल या तिघा निर्मात्यांच्या आद्याक्षरांवरून ‘गॅप’ म्हणून ओळखली जाणारी ही गुणपद्धत मुळात अतिशय प्रामाणिक आहे. ती म्हणते, प्रत्येक दिवस सारख्या मोलाचा नसतो. ज्या दिवशी थर्मल मरतुकडे होते आणि निम्मे लोक डोंगराच्या पायथ्याशीच उतरले, त्या दिवशी कौशल्यापेक्षा नशीब जास्त बोलतं. म्हणून उड्डाण, अंतर आणि वेळ अशा तीन वैधता काढायच्या, त्यांचा गुणाकार करायचा आणि त्या प्रमाणात हजारातले गुण कापायचे. तिन्ही कशाशी ताडायच्या, ते नॉमिनल आकडे सांगतात. आणि हे आकडे माणसं भरतात.

वेळेचंच बघा. विजेत्याने टास्क, म्हणजे त्या दिवसाची शर्यत, एका तासात उरकला. नॉमिनल वेळ ९० मिनिटं असेल तर फक्त वेळेपोटी दिवस ८७३ गुणांवर येतो, १२० असेल तर ७१८ वर. ६० ठेवा, एकही गुण जात नाही. मग ६० ठेवण्याचा मोह होतो. रोज हजार दिसले की आयोजक खूश, प्रायोजक खूश, हजारो किलोमीटरवरून ग्लायडर लादून आलेला पायलटही खूश. पण आठवडाभर सरस उडलेला माणूस एका फुसक्या दिवशी पाच किलोमीटरवर उतरला आणि तो दिवसही पूर्ण हजाराचा धरला, तर त्याची मेहनत पाण्यात जाते. वैधता खाली येते ती अशा पायलटला वाचवायला. तिला खाली येऊ द्या.

उलट टोकही वाईटच. २०१३ची जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियात फोर्ब्सच्या सपाटीवर झाली, २०१९ची इटलीत टोल्मेझोच्या आल्प्समध्ये. सपाटीवरचं अंतर उचलून डोंगरदऱ्यांत लावलं, तर चांगला दिवसही अर्धामुर्धा ठरेल. त्या जागी, त्या ऋतूत टास्क साधारण किती किलोमीटरचा बसतो, तेवढंच नॉमिनल अंतर लिहावं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उड्डाण वैधतेची. पायलट ग्लायडर खांद्यावर पेलून रँपच्या टोकाशी उभा आहे. हार्नेस अडकवलेला, दोन्ही बाजूंच्या तारा मदतनिसांच्या हातात. समोरची वाऱ्याची फीत लुळी पडते आणि दुसऱ्याच क्षणी पाठीमागून फडफडते. तो मान हलवतो आणि मागे सरकतो. त्याला त्या दिवसाचा शून्य मिळतो. चोर सोडून संन्याशाला सुळी नको, म्हणून नियमाने एक तरतूद केली आहे: असे बरेच जण मागे सरले, तर दिवसाचंच मोल घटतं.

पण किती घटतं? नॉमिनल लाँच, म्हणजे पूर्ण वैधतेसाठी हजर पायलटांपैकी जितके उडायला हवेत ते प्रमाण, ९६ टक्के धरलं आणि शंभरातल्या वीस जणांनी नकार दिला, तरी दिवस ९२३ गुणांचा राहतो. पन्नास जण थांबले तर सुमारे ५३०. वीस जाणत्या पायलटांनी वारा नाकारला आणि दंड जेमतेम ७७ गुणांचा! त्यात नॉमिनल लाँच खाली आणलं, तर तेवढाही उरत नाही. मग रँपवरचा एकविसावा माणूस वाऱ्याआधी गुणतक्ता बघतो. माझ्या मते ९६ च्या खाली जाण्याचा विचारच करू नये.

आणखी एक कलम आहे, वरवर किरकोळ वाटणारं. टेकऑफवर हजर राहून न उडलेला पायलट या हिशेबात धरला जातो, गैरहजर असलेला धरला जात नाही. म्हणजे थांबलेल्यांपुढे चुकीची खूण पडली की वैधता आपोआप वर चढते, आणि ज्यांनी धोका ओळखला त्यांचा नकार कागदावरून पुसला जातो. ही नोंद टेकऑफवरच, पायलटांच्या देखत व्हावी आणि त्याच संध्याकाळी निकालासोबत लागावी. नॉमिनल आकडे पहिल्या टास्कआधी ठरवायचेच असतात. ते कुठल्या कारणाने ठरले, हेही त्याच सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगावं. पाच मिनिटं लागतील.