रेंजबुवा

ॲरिझोनातल्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर दुपार कलताना ओंटारिओची नंबरप्लेट लावलेली मोटरहोम शिरते. तळ्याकाठची, समोर डोंगर दिसणारी जागा मोकळी असते. तिच्याकडे ढुंकूनही न पाहता गाडी थेट संडासांच्या मागे, कचरापेट्यांच्या रांगेपाशी जाऊन थांबली, की ओळखावं, रेंजबुवा आले. इंजिनाची घरघर थांबायच्या आत ते खाली उतरलेले असतात. उजवा हात डोक्याच्या वर, हातात फोन, मान वळवून नजर पडद्यावर, आणि पाऊल-पाऊल सरकत गाडीभोवती प्रदक्षिणा.

बायको खिडकीतून विचारते, "किती?"

"उणे अठ्ठ्याण्णव."

"आणि तळ्यापाशी?"

"उणे एकशे चौदा."

यावर ती काही बोलत नाही. घडीच्या खुर्च्या बाहेर काढायला लागते आणि त्यांची तोंडं कचरापेट्यांच्या विरुद्ध दिशेला वळवते. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली, हे तिला आता पाठ झालं आहे. फोनवरच्या काड्यांवर रेंजबुवांचा भरवसा नाही. काड्या म्हणजे गिऱ्हाइकाची समजूत काढायला काढलेलं चित्र. खरा हिशेब डेसिबलचा.

रेंजबुवा एकटे नव्हेत. कुणी टोरांटोच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले, कुणी हॅमिल्टनच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेले, कुणी विमा कंपनीत बसून जन्मभर करारातली बारीक अक्षरं वाचलेले. दारातलं बर्फ उपसायचा कंटाळा आला म्हणून ही मंडळी नोव्हेंबरात गाडी काढतात आणि एप्रिलात परततात. तिकडे त्यांना स्नोबर्ड म्हणतात. दिवस मोजायची सवय या सगळ्यांनाच असते. अमेरिकेत साधारण सहा महिन्यांच्या वर राहायचं नाही, आणि ओंटारिओचा सरकारी आरोग्यविमा टिकवायचा तर बारा महिन्यांत २१२ दिवसांहून जास्त प्रांताबाहेर काढायचे नाहीत, ही दोन गणितं प्रत्येकाच्या डायरीत असतात. रेंजबुवांच्या डायरीत त्याच पानावर डेटाचं तिसरं गणित असतं आणि ते पुढच्या नऊ पानांवर पसरलेलं असतं.

प्रश्न वरवर साधा आहे. कॅनडाचं सिम अमेरिकेत नेलं की रोमिंग लागतं. मोठ्या कंपन्या त्यासाठी रोजचा पास देतात, दिवसाला बारा-पंधरा डॉलरच्या घरात. आठवड्याच्या सहलीला ठीक. पाच महिन्यांच्या मुक्कामाला तेवढ्यात एक जुनी स्कूटर यावी. शिवाय पास सुरू व्हायला माणसानं काही करावंच लागतं असं नाही. खिशातल्या फोननं आपल्या मनानं हवामान बघितलं तरी तो दिवस लागला. कॅनडाच्या दूरसंचार नियामकानं २०१३ साली नियम केला, की ग्राहकानं स्पष्ट संमती दिलेली नसेल तर डेटा रोमिंगचा खर्च महिन्याला १०० डॉलरवर थांबला पाहिजे. स्पष्ट संमती नेमकी कोणत्या क्षणी दिली जाते, या विषयावर रेंजबुवा जेवणाच्या टेबलावर तासभर बोलू शकतात. बोललेलेही आहेत. ते जोडपं पुन्हा जेवायला आलं नाही.

मग पर्याय उरतात. दोन्ही देशांत चालणारा एकच प्लॅन मिळतो, पण त्याच्या अटींत बहुतेकदा एक कलम असतं, की मुख्य वापर मायदेशात हवा. रेंजबुवांनी त्या अटी छापून घेऊन या कलमाखाली पिवळी रेघ मारली आहे. अमेरिकेचं प्रीपेड सिम स्वस्त पडतं, पण बँकेचा ओटीपी येणार कॅनडाच्या नंबरावर. ई-सिम बसल्या जागी मिळतं, पण पुष्कळशा ई-सिमना बोलायला नंबरच नसतो. या सगळ्यातून रेंजबुवांनी काढलेला मार्ग असा: फोनमध्ये दोन सिमं, हॉटस्पॉटच्या डबीत तिसरं, छतावरच्या अँटेनाला जोडलेल्या राउटरमध्ये चौथं, आणि पाचवं एका जुन्या औषधाच्या डबीत, 'वेळ आली तर' म्हणून.

अनलिमिटेडच्या जाहिरातींना ते भुलत नाहीत. फोनवरचा डेटा कितीही वापरा, पण हॉटस्पॉट देऊन लॅपटॉपला वाटलेला डेटा वेगळा मोजला जातो. कोटा संपला की वेग सेकंदाला ६०० किलोबिटवर आणून ठेवणारे प्लॅन आहेत; त्या वेगात ईमेल येते, नातवाचा चेहरा येत नाही. लॅपटॉपचा डेटा फोनचा म्हणून खपवला तर कंपनीला चोरी कळते कशी, हेही ते समजावून देतात. फोनमधून निघणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर एक आकडा असतो, साधारणतः ६४. लॅपटॉपचा तुकडा फोनमार्गे गेला की आकडा एकानं घटून ६३ होतो, आणि तिथं पितळ उघडं पडतं. म्हणून काही चलाख लोक लॅपटॉपमध्येच तो ६५ करून ठेवतात. रेंजबुवा स्वतः असलं कधीही करत नाहीत. कसं करायचं ते मात्र शेजारच्या प्रत्येक गाडीत जाऊन, कागदावर लिहून देतात.

त्यांच्या विद्येची खरी कसोटी लागते क्वार्ट्झसाइटला. आय-१० महामार्गावरचं हे वाळवंटी गाव, २०२० च्या जनगणनेत अडीच हजारांच्याही आतलं. गावाबाहेर सरकारी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या पूर्ण मोसमाचा परवाना १८० डॉलरला मिळतो आणि तेवढ्यात सात महिने तंबू ठोकायची मुभा. जागेवर वीज नाही, नळ नाही, सावली नाही. तरी जानेवारीतल्या मोटरहोमवाल्यांच्या मेळ्याच्या दिवसांत नजर जाईल तिथवर गाड्याच गाड्या. माणसं वाढतात, टॉवर वाढत नाहीत. संध्याकाळी सहाला फोनवर काड्या पूर्ण असतात आणि पान उघडत नाही. टॉवरवर गर्दी झाली की महागड्या प्लॅनवाल्याला आधी वाट मिळते, स्वस्त प्रीपेडवाला मागे सारला जातो. रेंजबुवांना हे ठाऊक असल्यानं ते पहाटे चारला उठतात. पूर्वी पुण्याच्या पेठांत याच वेळेला बायका नळाखाली बादल्या लावत. रेंजबुवा याच वेळेला नकाशे, अपडेट, दोन सिनेमे आणि आठवड्याचं हवामान भरून घेतात. सहा वाजता पाणी जातं.

डेटा संपतो कशात, हा प्रश्न त्यांना विचारू नये. दोघं म्हाताऱ्यांना लागतं किती? बातम्या, ईमेल, रविवारी मुलीशी बोलणं. सिनेमा चांगल्या प्रतीत पाहिला तर तासाला तीन जीबीपर्यंत जातात, पण सिनेमा सुरू झाला की रेंजबुवा झोपतात. खरा खर्च वेग मोजण्यात आहे. फाइव्ह-जीच्या चांगल्या रेंजमध्ये वेग तपासायचं ॲप एका फेरीत काहीशे एमबी सहज गिळतं. रेंजबुवा सकाळी, जेवणानंतर, अँटेना फिरवल्यावर, अँटेना परत जागेवर आणल्यावर, आणि शेजाऱ्याला दाखवण्यासाठी वेग मोजतात. महिनाअखेर कोटा संपल्याचा मेसेज आला, की "बघ, मी म्हटलं नव्हतं, हा प्लॅन लहान आहे," म्हणून त्यांची मुद्रा प्रसन्न.

शनिवारची रात्र हॉकीची. इथं त्यांच्या बुद्धीला मानलंच पाहिजे. अमेरिकेच्या सिमवरून कॅनडातलं ॲप उघडलं तर सामना या प्रदेशात दिसणार नाही असं उत्तर येतं. पण कॅनडाचं सिम रोमिंगवर टाकलं की डेटा साधारणपणे आधी कॅनडातल्या कंपनीकडे जातो आणि तिथून बाहेर पडतो, त्यामुळे ॲपला बऱ्याचदा वाटतं, हा गृहस्थ ओंटारिओतच बसला आहे. म्हणून रेंजबुवा आठवडाभर बंद ठेवलेलं सिम शनिवारी चालू करतात आणि एका दिवसाच्या पासाचे पैसे मोजतात. टोरांटोच्या मेपल लीफ्सनी शेवटचा स्टॅनली कप जिंकला १९६७ साली. एवढी यातायात करून रेंजबुवा त्यांना वाळवंटात बसून हरताना पाहतात.

उपग्रहावरून इंटरनेट देणारी स्टारलिंकची तबकडी आल्यावर ही जमात नामशेष होईल असं पुष्कळांना वाटलं होतं. २०२२ मध्ये कंपनीनं खास मोटरहोमवाल्यांसाठी सेवा काढली, २०२४ मध्ये पिशवीत मावणारी छोटी तबकडी आणली. उघड्या आभाळाखाली ठेवली की झालं. रेंजबुवांनी ती घेतली आणि आठ दिवस उदास राहिले, कारण करायला काही उरलं नाही. मग अटी वाचताना त्यांना सापडलं, की खातं एका देशाचं आणि दुसऱ्या देशात मुक्काम दोन महिन्यांच्या वर गेला तर खात्याचा देश बदलावा लागतो. मुक्काम पाच महिन्यांचा. चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. शिवाय वाटेत ब्रिटिश कोलंबियाला वळसा घातला तर तिथं डग्लस फरची झाडं आभाळ झाकून टाकतात, हेही लक्षात आलं. डायरीला आणखी दोन पानं जोडली गेली.

मेक्सिकोचं प्रकरण दातांमुळे उद्भवतं. यूमाजवळ सीमेपलीकडे लॉस अल्गोदोनेस नावाचं गाव आहे, जिथं दर दोन दुकानांआड दंतवैद्य. स्नोबर्ड गाडी अमेरिकेत उभी करून पायी पलीकडे जातात आणि कवळी घेऊन परततात. सीमेच्या कुंपणाला लहरी अडत नाहीत; अमेरिकेच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा फोनही पलीकडचा टॉवर धरतो. म्हणून रेंजबुवा अलीकडूनच रोमिंग बंद करून जातात. पलीकडे गेल्यावर मात्र राहवत नाही. ऑक्सोच्या दुकानात, थंड पेयं आणि चिप्सच्या मधल्या गल्ल्यावर टेलसेल या तिथल्या फोनकंपनीचं रिचार्ज होतं हे त्यांनी ऐकलेलं असतं. खुणांनी बोलून, शंभर पेसोची नोट पुढे करून ते अर्ध्या दिवसासाठी सहावं सिम चालू करतात. दंतवैद्य तोंडात हत्यार घालून उभा असताना त्यांच्या हातातला फोन वेग मोजत असतो.

या जमातीत मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडचे मराठी रेंजबुवाही आहेत, आणि त्यांचा पसारा एका सिमानं मोठा असतो. ते सिम भारतातलं. पुण्यातल्या बँकेतल्या ठेवीसाठी, आईच्या घराच्या वीजबिलासाठी, आणि मुख्यतः ओटीपीसाठी ते जिवंत ठेवलेलं असतं. ॲरिझोनाच्या घड्याळापेक्षा पुणं साडेबारा तास पुढे. बँक सकाळी दहाला उघडते तेव्हा इकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले. त्या वेळी ते फोन घेऊन मोटरहोमच्या छतावर जातात.

"अहो, उतरा खाली, थंडी आहे," काकू खालून म्हणतात.

"ओटीपी येतोय."

"कधीचा येतोय?"

"आला होता गं. मुदत संपली. दुसरा मागवलाय."

शेजारच्या गाड्यांत हा माणूस तारे पाहणारा म्हणून प्रसिद्ध आहे.

उन्हाळ्यात एखादा रेंजबुवा उत्तरेला अलास्का महामार्गाचा बेत आखतो. त्या वाटेवर शेकडो किलोमीटर रेंज नसते आणि लोक १९४९ पासून निघणारं 'द माइलपोस्ट' हे छापील मार्गदर्शक मांडीवर घेऊन जातात. रेंजबुवांनी ते विकत घेतलं आहे. बेत मात्र दर वर्षी पुढे ढकलला जातो.

एप्रिलात परतीची वाट. डेट्रॉइटहून अँबॅसेडर पूल ओलांडला की विंडसर, म्हणजे कॅनडा. पण नदी अरुंद असल्यामुळे घरच्या जमिनीवर येऊनही फोन कधी कधी पलीकडचाच टॉवर धरून बसतो आणि मायदेशात रोमिंगचा दिवस लागतो. म्हणून रेंजबुवा फोन विमानमोडमध्ये टाकून खिडकीपाशी गाडी लावतात. कॅनडाचा सीमाधिकारी नेहमीचा प्रश्न विचारतो: काय काय खरेदी केलं? इतक्या मुक्कामानंतर माणशी ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर जकात नाही. रेंजबुवा पावत्यांची फाइल काढतात. एक अँटेना, एक राउटर, अकरा मीटर केबल, दोन बूस्टर.

"दोन कशाला?" अधिकारी विचारतो.

"एक सहाशे मेगाहर्ट्झला नीट चालत नव्हता."

मागे सात गाड्या खोळंबलेल्या. तिसरी हॉर्न वाजवते. बायको रस्त्याकडे बघत बसलेली. अधिकारी पासपोर्ट परत देतो, मग हात मागे घेतो आणि किंचित पुढे वाकतो.

"सासूबाई नोव्हेंबरात यूमाला जायचं म्हणतायत. त्यांना कुठला प्लॅन घ्यावा?"

रेंजबुवांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि बायकोकडे डायरी मागितली.