ड्रमची चावी आणि इतर तयारी

सातारा जिल्ह्यात शाळेचं बँडपथक बसवणं म्हणजे संकट अंगावर ओढवून घेणं. इतरत्र ठोका चुकला तर पालक टाळ्या वाजवतात. इथं बघणाऱ्यांतले निम्मे फौजेतून पेन्शनीवर आलेले. आपशिंगे मिलिटरी या गावाचं तर नावच पुरेसं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावातले 46 जण परत आले नाहीत. अशा मुलखात माजी सैनिकांच्या सन्मानार्थ संचलन काढून त्यांच्यापुढं सहावी-सातवीची पोरं बिगुल देऊन उभी करायला एक तर धाडस लागतं, नाही तर मुख्याध्यापकांचा तोंडी आदेश. मला दुसरं मिळालं. समदुःखी शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन.

आधी तारीख बघून घ्यावी. 14 जानेवारी 1953 ला जनरल करिअप्पा निवृत्त झाले, म्हणून त्या दिवशी माजी सैनिक दिन. त्याच दिवशी बहुतेक वर्षी संक्रांत असते, याचा बिगुलवाल्यांच्या अंगानं कुणी विचार केलेला दिसत नाही. तिळगुळाच्या तोंडानं बिगुल वाजत नाही, आणि वाजलाच तर तीळ पुढच्याच्या मानेवर जाऊन बसतात. तेव्हा सकाळी पथकाशी कुणी गोड बोलू नये.

मग साहित्य. कपाट उघडलं की चार साईड ड्रम निघतात, दोन वाजतात. बिग ड्रमवर शाळेचं नाव बारीक आणि देणगीदाराचं ठळक असतं. ठोका ठळक अक्षरांवर बसेल असा ड्रम धरावा. पान आवळायची चावी सापडणार नाही. तिच्यासाठी समिती नेमू नये, पक्कड वापरावी. बिगुलाला कळा नसतात, फुंकेच्या जोरावर जेमतेम पाच-सहा सूर निघतात, ही गोष्ट संगीतप्रेमी पर्यवेक्षकांना आधीच सांगून टाकावी. नाही तर ते बिगुलावर अख्खं देशभक्तिगीत मागतात. आमच्याकडं मागितलं. पोरानं वाजवलंही, आणि बाहेर दोन बैल थांबले.

प्रशिक्षक म्हणून गावातला लग्नाचा बँडवाला स्वस्त पडतो. त्याच्याकडून वाजवायला शिकावं, थांबायला शिकू नये. वरात ठोक्यावर थांबत नसते. ती डीपीच्या तारा लागल्या की थांबते. संचलनात मात्र ‘थम’ म्हटल्यावर सगळ्यांचे पाय एकदम जमिनीवर आणि वाद्यं एकदम गप्प व्हायला लागतात. सूर संपवायची खूण म्हणजे बिग ड्रमचे लागोपाठ दोन ठोके. आमचा बिग ड्रमवाला उत्साही होता. दर चौकात तो खूण करायचा.

पावलांचं गणित कागदावर सोपं आहे. तेज चालीत मिनिटाला 120 पावलं, पाऊल साधारण 75 सेंटिमीटरचं, म्हणजे मिनिटात 90 मीटर. शाळेपासून स्मारकापर्यंत नऊशे मीटर, म्हणून दहा मिनिटं. प्रत्यक्षात पन्नास लागतात. सहावीतल्या पायाला 75 सेंटिमीटर पोचत नाहीत, मध्ये उसाची ट्रॉली येते, आणि प्रमुख पाहुणे ‘निघालेत’ असा निरोप आल्यावर पथक जागेवरच कदमताल करत राहतं. डावा पाय कुठला हे मुलांना शिकवत बसू नये. ज्या पायात काळा दोरा, तो आधी उचला, एवढंच सांगावं. दोघातिघांच्या उजव्या पायात दोरा निघतो, त्यांना मधल्या रांगेत लपवावं.

बैठक व्यवस्थेबद्दल मी सूचना केली होती, ती मानली गेली नाही. मांडवात पुढं सोफा, सोफ्यावर पांढरे टॉवेल, टॉवेलावर पदाधिकारी. ज्यांच्यासाठी हे सगळं, ते मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, निम्मे उन्हात. पाहुणे दीड तास उशिरा आले. तेवढ्या वेळात हलले नाहीत असे दोनच घटक होते, माजी सैनिक आणि माझं पथक. पथकातली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा पाणी मागच्या खुर्च्यांतून आलं.

मुलांना पदकं वाचायला शिकवावीत, हे मात्र गमतीनं सांगत नाही. ज्याची पदकं तो डाव्या छातीवर लावतो. उजवीकडं दिसली तर ती घरातल्या गेलेल्या माणसाची. आमच्याकडं एक आजी हिरव्या लुगड्यावर उजवीकडं दोन पदकं लावून आल्या होत्या. स्वागत समितीच्या तरुणानं पिन सोडवून ती डावीकडं लावायला हात पुढं केला. आजींनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

तालमीला कधीतरी एक निवृत्त सुभेदार येऊन कट्ट्यावर बसतात. त्यांना हाकलू नये. आमचे आठ दिवस एक शब्द बोलले नाहीत, फक्त काठीनं जमिनीवर ठोके देत राहिले, आणि चौथ्या दिवसापासून पोरं माझ्या शिट्टीऐवजी त्या काठीवर चालू लागली. नवव्या दिवशी त्यांनी खिशातून ड्रमची चावी काढली. कुठली, कधीची, विचारलं नाही. चारही ड्रम आवळले, आणि सातवीतल्या एका पोराला साईड ड्रमखालच्या तारा दाखवल्या. ‘‘ह्यो बाजूचा खटका. मौनाच्या आदी खाली घ्यायचा. नायतर ड्रम आपल्या आपण बोलतो.’’

स्मारकापाशी पुष्पचक्र झालं. ‘लास्ट पोस्ट’ वाजली, एक सूर फाटला, कुणी हसलं नाही. दोन मिनिटांचं मौन सुरू झालं आणि हायवेवरून एसटी गेली. जमीन थरथरली. तीन ड्रम गप्प होते, चौथा सर्रर्र करायला लागला. सुभेदारांची नजर समोर, मान ताठ. फक्त मांडीलगतच्या मुठीतला अंगठा खाली वळला. पोरानं तसाच अंगठा हलवला, आणि ड्रम गप्प झाला.

कार्यक्रमानंतर मी चावीबद्दल त्यांचे आभार मानून ती मागितली, शाळेच्या दप्तरी जमा करावी म्हणून.

‘‘तुमच्या कपाटात जाईल हरवून, मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘त्या पोराकडं दिलीय.’’