७२९ पदरांचा पाहुणचार

डिसेंबर उजाडला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये चीज-अनियन पफची साथ येते. इतकी वर्षं साबुदाणावड्यावर सुखाने नांदणारी घरं एकाएकी ‘स्टार्टर’च्या मागे लागतात.

हौशी मंडळी पफचं पीठसुद्धा घरीच करतात. मैद्यात थंडगार लोणी कोंडायचं, लाटायचं, तीनपदरी घडी घालायची, पुन्हा लाटायचं. अशा सहा घड्या झाल्या की लोण्याचे ७२९ थर होतात. कागदावर. पाककृती लिहिणारीच्या गावात तेव्हा बर्फ पडत असतो. इथे दुपारी पारा तिशी ओलांडतो आणि तिसऱ्या घडीलाच लोणी ओट्यावरून आपल्या वाटेने निघतं. पुढचे थर श्रद्धेचे.

कांद्याची कथा वेगळीच. ‘पाच मिनिटांत सोनेरी’ म्हणे! मंद आचेवर तो चांगला पाऊण तास घेतो. घाई केली तर त्याचं पाणी पिठात उतरतं आणि वरून टम्म फुगलेला पफ खालून लगदाच राहतो. (निवडणुकीचे जाहीरनामे साधारण असेच भाजलेले असतात.)

मग पाहुणे. “वरून अंडं लावलंय का?” विचारत एक गट मागे सरकतो, दुधाचा हात फिरवलाय कळल्यावर पुढे येतो. शेजारच्या जैन बेन हळूच विचारतात, “बिनकांद्याचं आहे का?” उरलेले दोन-दोन पफ उचलून मनापासून दाद देतात, “वहिनी, खारी मस्त झालीय हं. चहा टाकताय ना?”