पाडा क्रमांक शून्य

ठाण्याच्या बाळकुममध्ये पाडा नंबर एक आहे, दोन आहे, तीनही आहे. शून्य नाही. आमच्या टॉवरमधल्या काकांच्या मते याचा अर्थ इतकाच की गाव वसवणाऱ्यांत प्रोग्रामर कोणी नव्हता. म्हणून तर गाव टिकलं.

काकांनी सीप्झमध्ये कोबोल लिहून उमेदवारी केली, वायटूकेच्या धामधुमीत न्यू जर्सीला जाऊन सालातले गाळलेले दोन आकडे परत बसवले, आणि आता ते कमिटीच्या प्रत्येक मीटिंगला न बोलावता हजर असतात. मतं ठाम. मेन्यूच्या तीन आडव्या रेघा १९८१ साली झेरॉक्सच्या स्टार संगणकासाठी नॉर्म कॉक्सने काढल्या, तेव्हा पडद्यावर जागा नव्हती. आता पडदा भिंतीएवढा झाला तरी रेघा तीनच, आणि मेन्यू त्यांच्यामागे दडलेलाच. स्वतः काका व्हीआय नावाच्या १९७६ सालच्या एडिटरमध्ये लिहितात. त्यातून बाहेर पडणं कापूरबावडी नाक्यातून बाहेर पडण्यासारखं आहे: ज्याला जमतं त्याला त्यात विशेष काही वाटत नाही, बाकीचे तिथेच असतात.

गेल्या दिवाळीत कमिटीने गेटवर अ‍ॅप आणलं. त्याआधी केबिनमध्ये रजिस्टर होतं आणि सुतळीला बांधलेलं बॉलपेन. काकांच्या लेखी त्यात सुधारायला काही उरलंच नव्हतं. काय कुठे लिहायचं ते रकान्यावर छापलेलं, पेन पळवता येत नाही आणि लाइट गेले तरी काम चालू. अ‍ॅपमध्ये मात्र आत येणाऱ्याला चारांतलं एक व्हावं लागतं: डिलिव्हरी, कॅब, पाहुणा किंवा इतर. मासळीवाली मावशी ‘इतर’ झाली. तिच्या सासऱ्याने जिथे भात लावला तिथे आमचं पोडियम पार्किंग आहे, पण अ‍ॅपला ओटीपी हवा. वॉचमनने नंबर विचारला.

“माझा नंबर कशाला रं?” मावशीने पाटी खाली ठेवली. “पापलेट घ्यायचाय काय तुला?”

मग फोटोसाठी त्याने मोबाइल समोर धरला, तर तिने दोन बोंबील पुढे केले. अ‍ॅपवर मावशीच्या नावापुढे आजही ते बोंबील आहेत. त्यांच्याखाली ‘व्हेरिफाइड’ असा हिरवा शिक्का आहे.

काकांचा खरा संताप मात्र मराठीवरून. आमचे सेक्रेटरी नोटिसा कोर्ट नाक्यावरच्या टायपिस्टकडून कृतिदेव फॉन्टमध्ये करून आणतात. पाणीकपातीची नोटीस काकांच्या संगणकावर उघडली की पाणी राहतं बाजूला, नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. कारण कृतिदेवमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षराला मराठी सोंग चढवलेलं असतं. ‘मराठी’ हा शब्द आत ई, जे, के, बी, एच असा पडलेला असतो, आणि फॉन्ट नसला की सोंग उतरतं. श्रीलिपी, आकृती, डीव्हीबी-टीटी सुरेख, प्रत्येकाचं सोंग वेगळं. १९९१ साली देशाने बाजार खुला केला हे सगळ्यांना आठवतं. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोचं इस्की हे अक्षरं साठवण्याचं मानक आलं आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही, तिच्यात देवनागरीसाठी १२८ घरं राखून ठेवलेली. ही बातमी कोर्ट नाक्यावर अजून पोचायची आहे.

एसएमएसचंही तेच. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०, आणि त्यात काने, मात्रे, वेलांट्याही सुट्या मोजल्या जातात. दुकानांच्या पाट्यांवरून एवढी आंदोलनं झाली. एन्कोडिंगवरून आजवर एकही काच फुटलेली नाही. काकांना याचं मनापासून दुःख आहे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीची मांडणी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, ताटाखालच्या कागदावर केली. ठाण्यात असं काही का घडलं नाही? कारण इथे मामलेदारची मिसळ खाताना हातातला कागद घाम पुसण्यातच संपतो.

कन्व्हेयन्ससाठी जमिनीची यादी करायची ठरली तेव्हा एका उत्साही सभासदाने सगळे सर्व्हे नंबर स्प्रेडशीटमध्ये भरले. रकान्याच्या डोक्यावर ‘७/१२’ लिहिलं, त्याचं झालं ७ डिसेंबर. १२/३ चा झाला १२ मार्च. १३१/२ तेवढा वाचला, कारण १३१ तारीख कुठल्याच महिन्यात येत नाही. आमची निम्मी जमीन अशी कॅलेंडरात गेली. यात सभासदाला बोल लावण्यात अर्थ नाही. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च-१ सारखी नावंच बदलून टाकली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. जिथे शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथे आमच्या खजिनदारांचं काय! याच एक्सेलच्या पंचांगात १९०० सालाला २९ फेब्रुवारी आहे. लोटस १-२-३ ची ती चूक, जुन्या फायली चालाव्यात म्हणून जाणूनबुजून जपलेली. काका म्हणतात, यालाच आपल्याकडे परंपरा म्हणतात.

काकांना मनापासून आवडलेली एकच गोष्ट आहे: मध्य रेल्वेच्या गाड्यांची अक्षरं. कसाऱ्याला एन, कर्जतला एस, आणि स्लो गाडीलाही एसच. कोणत्याही डिझायनरने हे पहिल्याच मीटिंगमध्ये कचऱ्यात टाकलं असतं. पण डोंबिवलीचा माणूस पुलावरून धावत उतरताना, हातात डबा, कानाला फोन अशा अवस्थेत एका नजरेत ते वाचतो आणि योग्य गाडीत शिरतो. त्याला ‘स्वागत आहे, चला शिकू या’ म्हणणारी चार पानं कोणी दाखवली नव्हती. मला हे अर्धंच पटतं. बदलापूरला निघालेले आणि आसनगावला पोचलेले पाहुणे आमच्या घरी जेवून गेलेले आहेत.

या सगळ्यावर उपाय म्हणून काकांनी वार्षिक सभेत ठराव मांडला: यापुढे सोसायटीच्या नोटिसा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, युनिकोड मराठीत, तारीख आधी साल मग महिना मग दिवस अशी. रंग नाही, चौकट नाही, कोपऱ्यात गणपती नाही. गणपतीवर थोडी गडबड झाली. एका ताईंनी विचारलं, टेक्स्ट फाइल उघडायला कुठलं अ‍ॅप लागतं? काका म्हणाले, कुठलंही चालतं. हे उत्तर कोणालाच विश्वासार्ह वाटलं नाही. तरी चहा यायची वेळ झाली होती, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

सेक्रेटरींनी इतिवृत्त कृतिदेवमध्ये करून आणलं, प्रिंट काढली, प्रिंटचा मोबाइलने फोटो काढला, फोटोची पीडीएफ केली आणि ग्रुपवर टाकली. पान आडवं आलं होतं. खाली एकोणीस जणांनी हात जोडले, आणि तिसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली की नक्की कोणता ठराव मंजूर झाला ते कोणी व्हॉइस मेसेज करून सांगेल का.